विश्लेषण : भाड्याचे घर गळतेय, दुरुस्ती कोणाची, भाडेकरूच्या हातात काय?

महाड आणि पोलादपूर या रायगडच्या डोंगराकडच्या तालुक्यांत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढ्या पावसात भाड्याच्या फ्लॅटचा स्लॅब ठिबकू लागला की एकच वाद सुरू होतो. ‘कोकणात पावसाळ्यात ओल यायचीच,’ असे मालक म्हणतो, तर भाडेकरू भाडे थांबवण्याची भाषा करतो. कायद्याच्या दृष्टीने दोघेही चुकतात. दुरुस्तीची जबाबदारी साधारणपणे मालकाची आहे. पण ती पार पाडून घेण्यासाठी भाडेकरूच्या हातात नेमके काय आहे, हे त्याने कोणत्या कागदावर सही केली यावर ठरते. त्याच वेळी एक हक्क असा आहे, की त्यासाठी कोणताही करार लागत नाही. महाडने २०२० मध्ये जे पाहिले, त्यानंतर तो हक्क सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

महाडमध्ये हा प्रश्न अधिक गंभीर का?

२४ ऑगस्ट २०२० रोजी सायंकाळी महाडच्या काजळपुरा भागातील ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली. तिच्यात चाळीसहून अधिक फ्लॅट होते. हादरे जाणवताच अनेक रहिवासी बाहेर पळाले म्हणून ते वाचले, तरीही १६ जणांचा मृत्यू झाला. ढिगाऱ्याखालून एका चार वर्षांच्या मुलाला सुमारे १९ तासांनी जिवंत बाहेर काढण्यात आले. ही इमारत जुनी नव्हती. ती बांधून जेमतेम दहा वर्षे झाली होती. बांधकामाच्या दर्जावरून गुन्हाही दाखल झाला.

या दुर्घटनेने एक समज मोडीत काढला. धोकादायक इमारत म्हणजे पडकी, जुनी, लाकडी वासे असलेली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. महापालिकांच्या कायद्यांतही ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे. दहा वर्षांची इमारत अशा वयाच्या निकषात बसतच नाही. अशा वेळी इमारतीच्या आतून दिसणारी लक्षणे हीच पहिली सूचना असते आणि ती सर्वांत आधी तिथे राहणाऱ्याला दिसतात. हा राहणारा अनेकदा मालक नसून भाडेकरू असतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार, बदलीवर आलेले शिक्षक, बँक आणि एसटीचे कर्मचारी, खेड्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आलेली कुटुंबे अशा अनेकांचा संसार भाड्याच्या घरात चालतो.

ओल आणि धोका यांचा संबंध काय?

प्रत्येक गळती धोकादायक नसते. नळाचा वायसर गेला किंवा वरच्या न्हाणीघरातील फरशीचे सांधे उघडले, तर त्रास होतो. इमारत पडत नाही. मात्र स्लॅब, बीम किंवा कॉलममध्ये वर्षानुवर्षे पाणी मुरत राहिले की आतील लोखंडी सळ्यांना गंज चढतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते. ते भोवतालच्या काँक्रीटला आतून रेटते, काँक्रीटला सळईच्या रेषेत तडे जातात, पोपडे सुटतात आणि उघड्या पडलेल्या सळईला आणखी पाणी लागते. चुन्याचे पांढरे ओघळ, तांबूस डाग, छताचा फुगलेला गिलावा आणि कॉलमवरील उभ्या भेगा या चार खुणा दिसल्या, तर प्रश्न रंगकामाचा राहिलेला नसतो. दुसरा धोका विजेचा. पंख्याच्या हुकाजवळून किंवा स्विचबोर्डमागून पाणी झिरपत असेल, तर त्या भागातील वीज मुख्य स्विचवरून बंद करून आधी वायरमन बोलवायला हवा. दुरुस्तीचा वाद नंतर.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम १४ या प्रश्नाचे थेट उत्तर देते. भाडेकरूने करारात वेगळे काही मान्य केले नसेल, तर जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे बंधनकारक कर्तव्य आहे. मालक ते टाळत असेल, तर भाडेकरूने त्याला किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. ती टपालाने किंवा अन्य मार्गाने देता येते. त्यानंतर वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो किंवा मालकाकडून वसूल करू शकतो. एकाच मालकाचे अनेक भाडेकरू असतील, तर ते एकत्र नोटीस देऊन एकत्र काम करू शकतात. खर्चाचा हिशेब आणि पावत्या भाडेकरूने नीट ठेवल्या, तर तो हिशेब मालकावर बंधनकारक असतो.

या हक्काला एक मर्यादा आहे आणि बहुतेक वाद तिथेच फसतात. एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असू शकत नाही. समजा, महिन्याचे भाडे ६,००० रुपये आहे. वर्षाचे भाडे ७२,००० रुपये. म्हणजे वर्षभरात जास्तीत जास्त १८,००० रुपये कापता येतील. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ३०,००० रुपये लागले, तर उरलेल्या १२,००० रुपयांसाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागेल. त्यामुळे हे कलम लहान-मध्यम दुरुस्तीसाठी उपयोगी आहे. सबंध इमारतीच्या डागडुजीचा भार एकटा भाडेकरू त्यातून उचलू शकत नाही.

याचाच दुसरा अर्थ, गळतीचे कारण सांगून भाडे पूर्ण थांबवण्याची मुभा कायदा देत नाही. थकलेले भाडे हे घर खाली करून घेण्याचे सरळ कारण ठरते. नोटीस देऊन, पावत्या ठेवून, मर्यादेत कपात करणे आणि रागाने भाडे बंद करणे यांत न्यायालयाच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्यांचे काय?

इथे खरी मेख आहे. आज बहुतेक फ्लॅट ११ महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिले जातात. बोलताना आपण त्यालाही भाडेकरूच म्हणतो. कायदा त्याला परवानाधारक म्हणतो. कलम १४ मधील दुरुस्ती करून भाड्यातून कापण्याचा हक्क भाडेकरूसाठी आहे. परवानाधारकाला तो आपोआप मिळत नाही. उलट, कराराची मुदत संपूनही तो राहिला, तर कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घराचा ताबा आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई मागू शकतो.

तरीही परवानाधारक अगदी निराधार नाही. परवान्यांचे नियम भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये आहेत. राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका पोहोचेल असा जागेतील दोष मालकाला ठाऊक असेल आणि राहायला येणाऱ्याला ठाऊक नसेल, तर तो आधी सांगणे मालकावर बंधनकारक आहे (कलम ५७). जागा धोकादायक होईल असे काही न करणे हेही त्याचे कर्तव्य आहे (कलम ५८). पैसे घेऊन परवाना दिला आणि राहणाऱ्याचा काही दोष नसताना त्याला मुदतीआधी बाहेर काढले, तर तो भरपाई मागू शकतो (कलम ६४). ‘तक्रार केलीत, आता घर सोडा,’ असे म्हणणाऱ्या मालकाला हे शेवटचे कलम दाखवता येते. उन्हाळ्यात छताला ताजा रंग मारून गळतीचे डाग झाकले आणि जूनमध्ये घर गळू लागले, तर कलम ५७ चा मुद्दा उभा राहू शकतो. मात्र दोष धोक्याचा होता आणि मालकाला तो माहीत होता, हे दाखवावे लागते. त्यासाठी आधीच्या राहणाऱ्यांचे किंवा शेजाऱ्यांचे म्हणणे कामी येते.

प्रत्यक्षात परवानाधारकाची खरी ताकद करारातच असते. सही करण्यापूर्वी त्यात तीन ओळी घालून घेतल्या, तर पुढचे बरेच वाद टळतात. पहिली, स्लॅब, बाहेरच्या भिंती आणि नळवाहिन्यांची दुरुस्ती मालक करेल. दुसरी, लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत काम सुरू झाले नाही, तर ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च मासिक रकमेतून कापता येईल. तिसरी, घर राहण्यायोग्य उरले नाही, तर नोटीस-मुदतीची अट न लावता अनामत परत मिळेल.

करारच लेखी नसेल तर?

लहान शहरांत अजूनही अनेक व्यवहार ओळखीवर होतात. ‘आपल्याच गावचा माणूस आहे, कागद कशाला?’ असे म्हणून चावी दिली जाते. १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ अशा वेळी मालकाच्या विरोधात जाते. भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे असून, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भाडेकरूच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर पडतो. मात्र त्यासाठी भाडे दिल्याचे काहीतरी पुरावे हवेत. रोख देण्याऐवजी बँक खात्यातून किंवा यूपीआयने दिलेले भाडे इथे उपयोगी पडते.

हा कायदा सगळीकडे लागू आहे का?

नाही. १९९९ चा कायदा त्याच्या अनुसूचींत नावे असलेल्या भागांना लागू होतो आणि राज्य सरकार अधिसूचना काढून त्यात बदल करू शकते. महाड शहर नगरपरिषदेत, पोलादपूर गाव नगरपंचायतीत, तर बिरवाडीसारखी औद्योगिक वसाहतीला लागून असलेली गावे ग्रामपंचायतीत येतात. त्यामुळे घर कोणत्या हद्दीत आहे, हे वकिलाला पहिल्यांदा सांगायला हवे.

दुसरा अपवाद औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांच्या कामाचा आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांनी भाड्याने घेतलेल्या जागांना हा कायदा लागू होत नाही. म्हणजे मोठ्या कारखान्याने कर्मचाऱ्यासाठी फ्लॅट घेतला असेल, तर करार कंपनी आणि मालक यांच्यात असतो. अशा कर्मचाऱ्याने मालकाशी हुज्जत घालण्याऐवजी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी कळवणे योग्य. दुरुस्तीचा आग्रह कंपनीला धरता येतो.

भाडे नियंत्रण कायदा लागू नसला, तरी भाडेपट्ट्यांना मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ लागू असते. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने सूचना मिळूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह भाड्यातून कापू शकतो. आग, वादळ किंवा पुरामुळे जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेपट्टा संपवायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही भाडेकरूला मिळतो. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाडची बाजारपेठ आणि तळमजले बुडवले, तेव्हा या तरतुदीला अर्थ होता. पण ‘कायमचा’ हा शब्द इथे कळीचा आहे. चिखल काढल्यावर राहता येण्याजोगे झालेले घर त्यात बसत नाही.

गळती वरच्या फ्लॅटची किंवा गच्चीची असेल तर?

इमारतीत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या सामाईक नळ व सांडपाणी वाहिन्या आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. गच्चीतून पाणी मुरून वरच्या मजल्यावरील घराच्या छताचा गिलावा खराब झाला, तर तोही संस्थेनेच दुरुस्त करायचा असतो. वरच्या घराच्या न्हाणीघरातून पाणी येत असेल, तर ती जबाबदारी त्या घराच्या मालकाची ठरते.

भाडेकरूला यात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तो संस्थेचा सभासद नसतो. त्याचा करार त्याच्या मालकाशी आहे. ‘वरच्यांशी तुम्हीच बोला,’ असे सांगून मालक हात झटकू शकत नाही; संस्थेशी किंवा वरच्या मालकाशी पत्रव्यवहार करणे त्याचे काम आहे. लहान शहरांतील अनेक इमारतींत संस्थाच स्थापन झालेली नसते. तिथे गच्ची कोणाचीच नसल्यासारखी पडून राहते आणि प्रत्येक मालक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अशा ठिकाणी सर्व राहणाऱ्यांनी मिळून एकच पत्र सर्व मालकांना पाठवणे अधिक परिणामकारक ठरते. इमारत नवी असेल, तर स्थावर संपदा (रेरा) कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामातील दोष विकासकाने ३० दिवसांत मोफत दुरुस्त करायचा असतो. हा दावा घर विकत घेणाऱ्याला करता येतो, भाडेकरूला नाही. पण त्याची आठवण मालकाला करून देता येते.

कराराशिवाय वापरता येणारा हक्क कोणता?

इमारत धोकादायक वाटत असल्याची तक्रार करण्याचा. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम १९५ नुसार एखादी इमारत मोडकळीस आलेली, पडण्याच्या बेतात असलेली किंवा राहणाऱ्यांना धोकादायक दिसत असेल, तर मुख्याधिकारी ती दुरुस्त करण्याची, आधार देण्याची किंवा पाडण्याची नोटीस काढू शकतात. महाड नगरपरिषद आणि पोलादपूर नगरपंचायत या दोहोंना हाच कायदा लागू आहे. तक्रार करणारा मालक आहे, भाडेकरू आहे की ११ महिन्यांचा परवानाधारक, याने फरक पडत नाही. ग्रामपंचायत हद्दीत असे पत्र ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना द्यावे. पत्राची पोच घ्यावी, छायाचित्रे जोडावीत. इमारतीची बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारता येते.

भाडेकरू हे पाऊल उचलायला कचरतो, त्याला कारण आहे. इमारत धोकादायक ठरली, तर पहिल्यांदा बाहेर पडावे लागते ते त्यालाच. पागडीचे किंवा जुन्या भाडेपट्ट्याचे भाडेकरू तर घरावरचा हक्कच जाईल या भीतीने गप्प बसतात. या भीतीला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी खटल्यात उत्तर दिले. पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा भाडेहक्क संपत नाही, कारण तो जमिनीशीही जोडलेला असतो, असे न्यायालयाने म्हटले. परवानाधारकाला मात्र हे संरक्षण नाही. त्याच्या दृष्टीने हिशेब वेगळा असतो. त्याचे पणाला लागते ते अनामत आणि नवे घर शोधण्याचा खर्च.

नोटीस कधी आणि कशी द्यावी?

कोकणात या प्रश्नाला ऋतूचेही गणित आहे. ओल्या स्लॅबवर केलेले वॉटरप्रूफिंग टिकत नाही. खरे काम दसऱ्यानंतर ते मे अखेरपर्यंतच होऊ शकते. पण गळतीचा पुरावा मिळतो तो पावसात. म्हणून तक्रार पाऊस चालू असतानाच करावी. तारीख दिसेल अशी छायाचित्रे आणि चित्रफिती काढाव्यात, मालकाला आधी व्हॉट्सॲपवर आणि मग पोचपावतीसह टपालाने पत्र पाठवावे. पत्रात पाणी कुठून येते, कधीपासून येते, कोणत्या वस्तूंचे नुकसान झाले आणि १५ दिवसांत काय अपेक्षित आहे, एवढे चार मुद्दे पुरेत. पावसात ताडपत्रीसारखी तात्पुरती सोय आणि पावसानंतर कायमची दुरुस्ती, अशी दोन टप्प्यांची मागणी केली, तर ‘आता काम होत नाही’ ही सबब उरत नाही. दिवाळीनंतर त्याच पत्राची आठवण देणारे दुसरे पत्र पाठवायला विसरू नये. भिंती सुकल्या की दोन्ही पक्षांना गळतीचा विसर पडतो.

काही गोष्टी भाडेकरूनेही टाळायला हव्यात. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केले, तर ते घर खाली करून घेण्याचे कारण ठरू शकते. त्यामुळे स्वतःच्या मनाने गच्चीवर लोखंडी खांब रोवून पत्र्याची शेड उभारू नये. मालक पाहणीसाठी पूर्वसूचना देऊन आला, तर त्याला अडवू नये. तक्रारीचा राग म्हणून मालकाने पाणी किंवा वीज तोडली, तर कलम २९ नुसार भाडेकरू न्यायालयाकडून ती पूर्ववत करून घेऊ शकतो. मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी असे दावे त्या भागाच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात चालतात. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, ठरावीक उत्पन्नमर्यादेखालील व्यक्ती आणि पूरग्रस्त यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो.

पुढे काय बदलू शकते?

केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श घरभाडे कायद्यात ही कामे वाटून दिली आहेत. संरचनात्मक दुरुस्ती, जलवाहिन्या बदलणे आणि वायरिंग मालकाकडे. नळाचे वायसर आणि तुंबलेल्या मोऱ्या भाडेकरूकडे. मालकाने दुरुस्ती नाकारली, तर महिन्याच्या भाड्यातून निम्म्यापर्यंत कपात करता येते. घर राहण्यायोग्य उरले नसेल, तर १५ दिवसांची नोटीस देऊन ते सोडता येते. पण हा नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो.

तोवर सर्वांत मोठी पोकळी परवानाधारकांची राहते. आज भाड्याच्या घरात राहणाऱ्यांपैकी मोठा वर्ग ज्या कागदावर राहतो, त्या कागदाला दुरुस्तीचे कलम लागूच होत नाही. दुसरी पोकळी तपासणीची. इमारतीचे वय मोजून धोका ठरवण्याची पद्धत तारिक गार्डनसारख्या इमारतीला पकडू शकत नाही. या दोन्ही पोकळ्या भरेपर्यंत छतावरच्या तांबूस डागाबद्दल पोच घेऊन दिलेले एक पत्र, हेच भाडेकरूच्या हातातील सर्वांत भक्कम साधन आहे. ते मालकाच्या नावे असेल तर दुरुस्तीसाठी आणि मुख्याधिकाऱ्यांच्या नावे असेल तर वरखाली राहणाऱ्या सगळ्यांच्या जिवासाठी उपयोगी पडते.